पप्पा बोलत नाहीत, पण गातात

आमच्या पप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पॅरालिसिसचा झटका आला त्यात उजवा हात-पाय गेला आणि त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. आयुष्यभर नगर जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळांमधे मास्तरकी केलेला माणूस, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमधे, बायबल वाचायला उभे राहिले की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा, माईक लागायचा नाही, आणि आता तहान लागली तर "पाणी" एवढं तोंडात येत नाही. शब्द आत आहे हे डोळ्यांत दिसतं पण बाहेर निघत नाही, मग चिडतात, डाव्या हाताने ताट ढकलतात, आणि मग रडतात.

आम्ही पिंपरीला राहतो. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, मुलगी दहावीला, मी एका सीएंच्या ऑफिसमधे अकाउंट्स बघते. सकाळी पाणी जायच्या आत पप्पांचं डायपर, स्पंजिंग, बीपीची गोळी, सगळं पातळ करून हळूहळू भरवणं, आणि बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, जे मी ऑफिसला गेल्यावर आत्या बघतात. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार.

तर एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला मुलीने पेटी काढली आणि पप्पांच्या आवडीचं एक जुनं भजन सुरू केलं. दुसऱ्या ओळीला पप्पांचा आवाज आला. नुसता सूर नाही, शब्द! स्पष्ट, जोडाक्षरांसकट, जसे आधी म्हणायचे तसे. मुलगी थांबली तर त्यांनी डाव्या हाताने खूण केली, वाजव वाजव. पूर्ण तीन कडवी म्हणाले. आम्ही सगळे रडत होतो आणि ते गात होते. भजन संपल्यावर मी विचारलं पप्पा पाणी देऊ का, तर परत तेच, ओठ हलले पण शब्द नाही.

स्पीच थेरपिस्ट मॅडमला सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, पप्पांची तीच बाजू दुखावली, पण गाण्याचं बरंच काम उजव्या बाजूलाही चालतं, आणि लहानपणापासून पाठ असलेलं गाणं त्या वाटेने शब्दांसकट बाहेर येऊ शकतं. ह्याच्यावर आधारलेली थेरपीच आहे म्हणे, सुरात बोलायला शिकवायची. कुणी म्हणेल मग ह्यात देव कुठे आला. मला तर मेंदूची ही रचना ऐकूनच जास्त आभार मानावेसे वाटले, की एक दार बंद झालं तर दुसरं त्याने आधीच ठेवलेलं होतं.

आणि पप्पांना पाठ काय आहे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग. 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीने येशूची भक्ती अभंग-ओवीच्या चालीत आणली, म्हणून आमच्याकडे आजही पेटी, तबला, टाळ घेऊन उपासना होते. पप्पांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती जात्यावर हेच म्हणायची, असं पप्पा बोलत होते तेव्हा सांगायचे.

मला बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय तेव्हापासून फार जवळचा झालाय. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेली माणसं, यरुशलेमची मोडकी तटबंदी बावन्न दिवसांत उभी केलेली, आणि पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा शास्त्री सकाळपासून दुपारपर्यंत मोशेचं नियमशास्त्र वाचतोय आणि लोक ऐकून रडतायत. तेव्हा त्यांना सांगितलं जातं की रडू नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे. हे वाक्य आपण कॅलेंडरवर, भिंतीवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडे बघतो पण त्याच्या आधीचं कुणी लावत नाही, की जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना ताट पाठवा. म्हणजे डोळे अजून ओले आहेत तेव्हाच हे करायला सांगितलंय, मन आपोआप आनंदी होईल मग बघू असं नाही. मी पण आता तसंच करते, कंटाळा असो नसो सकाळी स्पंजिंग करताना गाणं लावायचं आणि पप्पांसोबत मोठ्याने म्हणायचं, आणि रविवारी काही बरं केलं की वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींना डबा न्यायचा. आधी तोंड गातं, जोर नंतर येतो, पण येतो हे मी अंगाने अनुभवलंय.

काही लोक भेटायला येऊन प्रार्थना करतात आणि जाताना म्हणतात विश्वास कमी पडतोय म्हणून बरे होत नाहीयेत. हे मला मान्य नाही, आणि पवित्र शास्त्रालाही मान्य नाही. प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, देवाला तीनदा विनंती करूनही निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं, मग पौलाचा विश्वास कमी होता का? फिलिप्पै शहरात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले असताना, मध्यरात्री तुरुंगात तो आणि त्याचा सोबती सीला गात होते, आणि नंतर त्याच गावच्या मंडळीला पत्र लिहिताना तो पुन्हा कैदेतच होता आणि लिहितो काय, तर आनंद करा.

इतक्या लांब पण जायला नको, आमच्या इथून रेल्वेने जाता येतं त्या केडगावचं बघा. पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी ह्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, का तर अडाणी बायकांना कळावं म्हणून. 1922 ला त्या गेल्या आणि 1924 ला ते त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशन ह्या संस्थेतून प्रसिद्ध झालं. दमून बसावंसं वाटलं की मी त्यांचा विचार करते.

पप्पा बरे होतील का माहीत नाही. डॉक्टर हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत, प्रार्थना रोज चालू आहे.

ज्यांच्या घरी झटक्यानंतर वाचा गेलेलं माणूस आहे त्यांनी एक करून बघा, आधी आपल्या थेरपिस्टला विचारा. त्यांना लहानपणापासून पाठ असलेलं काहीही घ्या, अभंग, आरती, स्तोत्र, सिनेमाचं गाणं चालेल. समोर बसा, तोंड दिसेल असं, सावकाश म्हणा, आणि ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा. घाई करू नका, त्यांच्या तोंडात येईपर्यंत वेळ द्या. आला नाही तर आपणच म्हणून पुढची ओळ घ्यायची. आम्ही हल्ली त्याच चालीवर "पाणी द्या" बसवतोय, "पाणी" जमलंय, "द्या"वर काम चालू आहे.