जुनी आहे कुणाचीतरी

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर हा हसेल, म्हणून इथे लिहितेय.

दुपारी टपरीवर प्रोग्रॅमिंगच्या भाषांवरून नेहमीसारखीच जुंपली होती. रस्टवाल्याचं म्हणणं, सगळं रस्टमध्येच लिहायला हवं. पायथनवाली म्हणाली, तुझं कंपाइल होईस्तोवर माझं काम उरकून मी डबा खाऊन येते. मी कटिंग फुंकत मजा बघत होते. मग रस्टवाल्याने ती रोज रात्री चालणारी, पर्ल भाषेतली फाइल काढली. "नुसते डॉलर, अ‍ॅट आणि कंस. कुणीतरी कीबोर्डवर पोहे सांडले आणि सेव्ह केलं." सगळे हसले. मीही हसले. इथवर ठीक होतं. पण तिने माझ्याकडे वळून विचारलं, "कोणी लिहिलीय हो ती?" आणि मी म्हणाले, "काय माहीत. जुनी आहे कुणाचीतरी."

माझी आहे. 2009ची.

पकडली जाणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं. कोडमधले बदल नोंदवायला एसव्हीएन होतं, त्यावरून गिटवर आलो तेव्हा मागचा इतिहास आणलाच नाही, त्यामुळे ब्लेम केलं, म्हणजे कुठली ओळ कुणाची ते गिटला विचारलं, की सगळ्या ओळींवर तेच एक सामायिक खातं दिसतं. पण विचारणारी काही पकडायला आली नव्हती. साधं विचारत होती. मग का म्हणाले तसं?

सीप्झहून निघाले, मरोळ नाक्याला मेट्रो बदलली, तेव्हापासून उत्तरं सुचायला लागली. पायथन 1991चं, पर्ल 1987चं. चार वर्षांच्या फरकाने एक म्हातारी आणि दुसरी तरणी कशी? पर्ल घडवणारा लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला माणूस. डॉलर म्हणजे एकवचन, अ‍ॅट म्हणजे अनेकवचन, आणि डॉलरपुढे नुसता अंडरस्कोअर म्हणजे आपलं 'ते', ज्याच्याविषयी बोलणं चाललंय ते. पोहे नाहीत रे, व्याकरण आहे! हे सगळ्यात फर्डं वाक्य मुंब्रा गेल्यावर सुचलं. लेडीज डब्यात ऐकायला कोण, तर कोथिंबीर निवडणाऱ्या दोघी.

फोर्टच्या फुटपाथवर घासाघीस करून उंटाचं चित्र असलेलं पर्लचं ते जाडजूड पुस्तक घेतलं होतं. आधीच्या ऑफिसात लोक खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसायचे, "जरा हा रेगेक्स बघतेस?" रेगेक्स म्हणजे मजकुरातून हवं ते शोधायचा चिन्हांचा साचा. बाबा तेव्हा सगळ्यांना सांगत सुटायचे की माझी मुलगी... जाऊ दे.

पण "कुणाचीतरी"? निदान "माझ्या आधीची" तरी म्हणायचं. तेही खोटंच झालं असतं म्हणा. रोज रात्री सव्वादोनला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, तिला उठवतो, बँकेकडची फाइल ती ओळीओळीने चिरते आणि सकाळी अकाउंट्सवाल्यांना सगळं तयार मिळतं. इतकी वर्षं. आणि मी तिला चारचौघांत ओळख दाखवली नाही. लग्नात दूरची आत्या समोर आली की मोबाइलमध्ये डोकं घालतात, तसं.

जेवणं झाल्यावर ठरवलं, उद्या सरळ सांगून टाकायचं. दोनचार प्रश्न येतील, म्हणून फाइल उघडून बसले. वर यूज स्ट्रिक्ट, म्हणजे ढिसाळपणा पकडून देणारी ओळ, नाही. हे मी केलं? बरं. एक्केचाळिसाव्या ओळीवर एक रेगेक्स आहे, पडद्याच्या बाहेर जाणारा. वीस मिनिटं त्याच्याशी झटले. तीन कंसांपर्यंत पोचले, चौथा कशासाठी ते कळेना. खाली माझीच कॉमेंट: 'इथे हात लावू नये. सविस्तर नंतर लिहीन.'

पोहेच आहेत. वर शेवही घातलीय.

रस्टवाला पुढच्या आठवड्यात ती नव्याने लिहायला घेणार आहे. म्हणजे लेखक कोण ते कळल्यावर पहिल्यांदा माझ्याच टेबलाशी येणार आणि एक्केचाळीसवर बोट ठेवणार. कागद घेतलाय. चौथ्या कंसापासून सुरुवात करते.