प्रश्न आधी दाखवलेले असतात ना?

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून विचारलं. "तुमच्या त्या कार्यक्रमांत पुढारी येतात, त्यांना प्रश्न आधीच दाखवलेले असतात ना?" गप्पांच्या आणि विनोदी कार्यक्रमांसाठी पाहुण्यांची माहिती काढणं आणि प्रश्न लिहिणं हे माझं काम. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

प्रश्न ठरलेले असतात. लिहिल्याशिवाय सूत्रसंचालकाच्या हातातल्या कार्डावर ते येणार कुठून? दाखवतो का, तर ते पाहुण्यावर आहे. काही नेते "विचारा काय ते" म्हणतात आणि खरंच तसे बसतात. काहींच्या पीएचा आदल्या रात्री फोन येतो, साहेबांच्या भावाचा विषय नको म्हणून. नट-नट्यांचे मॅनेजरही हेच करतात, घटस्फोटाचं विचारू नका म्हणतात. त्याचा जाब मला आजवर कुणी विचारलेला नाही.

आणि प्रश्न मवाळच असतात असंही नाही. २०२३ मध्ये 'खुपते तिथे गुप्ते' परत आलं, तेव्हा राज ठाकरे, एकनाथ शिंदे, नारायण राणे, संजय राऊत असे सगळे येऊन बसले. तो कार्यक्रम घेणाऱ्या अवधूत गुप्तेंच्याच 'झेंडा' चित्रपटाला २०१० मध्ये नितेश राणेंच्या स्वाभिमान संघटनेने विरोध केला होता. तेरा वर्षांनी नितेश यांचे वडील, नारायण राणे, समोर येऊन गप्पा मारतात. आमच्या धंद्याची ताकद म्हणा की पाहुण्याची हुशारी म्हणा, मी दोन्ही म्हणते.

"तुम्ही लोक पुढाऱ्यांना धुऊन देता," या आरोपावर माझं एक ठेवणीतलं उत्तर होतं, आदेश बांदेकर. घराघरातले भावोजी. २००९ मध्ये माहीममधून शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहिले आणि मनसेच्या नितीन सरदेसाईंकडून हरले. टीव्हीवरच्या मायेची मतं होत असती तर ते पडलेच नसते, असं मी ठासून सांगायचे. आता तेवढं ठासून सांगत नाही. भावोजी टीव्हीवरून राजकारणात गेले होते, त्यांना लोकांच्या डोक्यातून काही पुसायचं नव्हतं. आमच्याकडे येणारे उलट्या दिशेने येतात.

हे मला कशावरून सुचलं तेही सांगते.

पाहुण्यांच्या यादीत एक माजी मंत्री होते. नाव सांगणार नाही, कितीही विचारा. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे ते संस्थापक. संस्था बुडाली तेव्हा अध्यक्षपदावर नव्हते, हे ते आवर्जून सांगतात. माझी आत्या अंगणवाडी सेविका होती. निवृत्तीनंतर मिळालेले आणि शिवणकामातून साठवलेले ३ लाख ४० हजार तिने तिथे ठेवले होते. बँक असती तर ठेव विम्याचे काही हाती आले असते. पतसंस्थेला ते कवच नव्हतं. मग प्रशासक आला, मग संस्था मोडीत काढायला अवसायक आला. आत्याच्या ठेव पावत्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत, लॅमिनेट करून ठेवलेल्या.

मी कार्डावर प्रश्न लिहिला: 'तुमच्या पतसंस्थेच्या ठेवीदारांना आज काय सांगाल?' निर्मात्याने तो वाचला. चिडला वगैरे नाही. म्हणाला, "हा न्यूजवाल्यांचा प्रश्न आहे गं. प्रकरण कोर्टात आहे, वाहिनीचा वकील एडिटला उडवेलच." कार्ड बाजूला गेलं. पीएचा फोन नाही, धमकी नाही, काही नाही. दबाव आला असता तर सांगायला तरी बरी गोष्ट झाली असती.

त्याच भागात त्यांच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचा निरोप दाखवायचा होता. गुरुजींना शोधलं मी, व्हिडिओसाठी तयार केलं मी. पडद्यावर गुरुजी थरथरत्या आवाजात "बाळ, डबा खाल्लास का?" म्हणाले आणि साहेबांनी उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले. प्रेक्षकांतल्या बायका रडत होत्या, कॅमेऱ्यामागचा पोरगासुद्धा. कट झाल्यावर साहेबांनी दिग्दर्शकाला विचारलं, "नीट आलं का? नाहीतर परत देतो." लोकांना वाटतं, म्हणजे रडणं खोटं होतं. मी तिथे उभी होते, मला ते खोटं वाटलं नाही. आणि परत द्यायची तयारीही खरीच होती.

भाग लागला त्या रात्री आत्याचा फोन आला. "किती साधा आहे गं बिचारा. गुरुजींचा आवाज ऐकून मलाही रडू आलं." याच माणसाचं नाव निघालं की ती बोटं मोडायची. मी गप्प. मग म्हणाली, "तुझी भेट झाली असेल ना? माझं घातलंस का कानावर?"

"तिथे तसं बोलता येत नाही, आत्या."

"अगं, एवढा हसत होता, तेव्हाच सांगायचं."

हल्ली ती म्हणते, तो चांगला आहे, खालच्या लोकांनी खाल्लं. हे माझ्या गुरुजींमुळे झालं, की तिला केव्हातरी असं मानायचंच होतं? वर्षानुवर्षं शिव्या देत जगणंही सोपं नसतं.

पण मलाही विचारायचंय, बातम्यांत तो प्रश्न आला असता तर काय झालं असतं? "विषय न्यायप्रविष्ट आहे," की संपलं. निवडणुकीत आमच्यावर नजर असते म्हणाल, तर असते. एप्रिल २०१९ मध्ये हिंदी मालिकांतून सरकारी योजनांचा प्रचार केल्याच्या तक्रारीवरून निर्मात्यांना नोटिसा गेल्या होत्या. उज्ज्वला गॅस योजनेचं नाव संवादात आलं तर पकडता येतं. आचारसंहिता नसताना "डबा खाल्लास का"ला कुठलं कलम लावणार? आणि लावू नयेच. पुढाऱ्याला आई नसते का, गुरुजी नसतात का? फक्त ते आम्हीच दाखवतो आणि तेवढंच दाखवतो, हेही मला ठाऊक आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि राजीनामाही नाही. घराचा हप्ता आहे.

नव्या पर्वाच्या यादीत पुन्हा नेते आहेत. निर्मात्याला 'ते गुरुजींसारखं काहीतरी' हवंय. एकांच्या शाळेतल्या बाई सापडल्यात, बोलायलाही तयार आहेत. आत्याने विचारलंय, यातला कुणी सहकार खात्याचा आहे का.