आलीस?

आज सात महिन्यांनी ह्यांच्या खोलीत पाऊल ठेवलं. मार्च २०२० मध्ये केअर होममधल्या भेटी बंद झाल्या, तेव्हापासून आमचा संसार खिडकीच्या काचेतून चालला होता. मी बाहेर, हे आत, दोघांच्या कानाला फोन. ह्यांना डिमेन्शिया आहे. फोनमधला आवाज आणि काचेपलीकडची मी, हे त्यांना जुळायचंच नाही. मी बोलायला लागले की ते फोनकडे बघायचे, माझ्याकडे नाही.

आज दारात ताप तपासला, सही घेतली. मास्क, हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन. वेळ अर्धा तास, अंतर २ मीटर. नियम का आहेत ते मला पुरतं कळतं, या वयाला कोविड किती जड जातो ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पण ओळख आधीच निसटत चाललेल्या माणसाने नुसत्या डोळ्यांवरून बायकोला कसं ओळखायचं?

पहिली दहा मिनिटं मी त्यांच्या लेखी कुणी नर्सच होते. त्यांच्या शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलं होतं. उठून नीट करावंसं इतकं वाटलं, की हात मांडीवर दाबून धरले. शेवटी मी नुसतं म्हणाले, "अहो, बटण चुकलंय बघा."

त्यांनी मान वर केली. बोटांनी बटण चाचपलं. मग म्हणाले, "आलीस? किती उशीर केलास."

त्यानंतर मला फारसं बोलताच आलं नाही. मास्क आतून पार भिजला होता. पुढची भेट गुरुवारी मिळाली आहे.