सापडलं का थे?

पोळ्याला गावी आलो की एसटी स्टँडपासून घरापर्यंत पाच जण तरी विचारतात, "काऊन रे, सापडलं का थे?" थे म्हणजे डार्क मॅटर, विश्वातला न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारा पदार्थ. तुम्हीही तेच विचाराल म्हणून सांगतो: नाही. आणि हो, पगार शोधण्याचाच मिळतो.

२००८ मध्ये अवकाशात गेलेली फर्मी दुर्बीण गॅमा किरण टिपते, मी तो डेटा चाळतो. डार्क मॅटरचे कण आदळून नष्ट होत असतील, तर एका ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण निघावेत, ही आशा. २०१२ मध्ये क्रिस्तोफ वेनिगर या भौतिकशास्त्रज्ञाने आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या किरणांच्या आलेखात १३० जीईव्हीला (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) तसाच टोकदार उंचवटा दाखवला. मी तेव्हा पीएचडीला होतो.

त्या पोळ्याला बाबा बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत बसले होते. मी म्हणालो, "बाबा, बहुतेक सापडलं." 'बहुतेक' म्हणालो होतो, शपथेवर सांगतो. त्यांनी लाल बोटं धोतराला पुसली. संध्याकाळी तोरणाखाली, बैलाचा कासरा हातात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या पोरानं सापडवलं." शोध वेनिगरचा आणि 'बहुतेक' गायब. मी दोन हात अंतरावर उभा होतो. टोकलं नाही. पेढेही वाटले गेले, त्यातला एक मी खाल्ला.

पुढे पृथ्वीच्या कडेवरून येणाऱ्या गॅमा किरणांतही तसाच उंचवटा दिसला. ते किरण कॉस्मिक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, वातावरणावर आदळून होतात, तिथे डार्क मॅटरचं काय काम? म्हणजे संशय दुर्बिणीवरच. मग डेटा वाढत गेला तसा केंद्राकडचा उंचवटाही बसत गेला. बाबांनी कधी विचारलं नाही. लोकांना बाबाच सांगतात, "काम चालू हाय त्याचं."

तेव्हाचा मी उतावळा होतो, असं विद्यार्थ्यांना सांगतो. पण डेटात उंचवटा होताच की! न दिसल्यासारखं कसं करायचं?

डार्क मॅटरच्या टकरींतून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे, निघू शकतात; त्यांचं म्हणाल, तर अंतराळ स्थानकावरच्या एएमएस या कण मोजणाऱ्या यंत्राने ते अपेक्षेपेक्षा जास्त मोजलेत. पण भारित कण चुंबकीय क्षेत्रात वळत येतात, गाव विचारायची सोय नाही. पल्सारकडूनही, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांकडूनही, आलेले असतील. केंद्राकडे काही जीईव्हीच्या आसपास दिसणारा गॅमा किरणांचा जादा उजेड मात्र २००९ पासून टिकून आहे. जुने, गरगर फिरणारे पल्सार की डार्क मॅटर, भांडण चालूच आहे. ते डार्क मॅटरच असावं असं मला फार वाटतं, म्हणून या बाबतीत माझं मत विचारू नका.

बाबांना त्या उजेडाबद्दल अजून बोललो नाही.