जिना, खिडकी आणि थोडासा अंधार

फ्रेडरिक इव्हान्स हा मुळात लंडनचा पुस्तकविक्रेता. १८९८ मधे त्याने धंदा सोडला आणि मग इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांच्या आतले फोटो काढत फिरला. त्याचा १९०३ चा 'अ सी ऑफ स्टेप्स' आधी गूगलवर बघा, मग पुढे वाचा. वेल्स कॅथेड्रलमधला दगडी जिना आहे, पिढ्यानपिढ्या पाय पडून पायऱ्या झिजल्यात, काही उजवीकडे वळतात, काही सरळ वर जातात आणि वळणाऱ्या पायऱ्या लाटांसारख्या अंगावर येतात. उजेड तिरका आहे म्हणून ती झीज कळते, समोरून फ्लॅश मारला असता तर नुसता जिना दिसला असता, आपल्या सोसायटीतला असतो तसा.

त्या काळी चर्चच्या आत फोटो काढणं म्हणजे वैताग होता. आत अंधार, खिडक्या मात्र झगझगीत. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर उमटायचा, त्यामुळे खिडकीचा उजेड काचेच्या मागच्या बाजूवर आपटून परत यायचा आणि खिडकीभोवती पांढरं धुकं पसरायचं, म्हणून प्लेटला मागून गडद लेप लावायचे. शिवाय साध्या प्लेट्सना निळा रंग जास्त कळायचा आणि लाल जवळपास कळायचाच नाही, म्हणजे रंगीत काचेतला निळा पांढरा पडणार आणि लाल काळा. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, इतका लांब की मधून कोणी चालत गेलं तरी फोटोत उमटायचं नाही. खुर्च्या बिचाऱ्या जागच्या हलत नाहीत, त्या इव्हान्स परवानगी काढून उचलायला लावायचा :)

आणि एवढं करून सावल्या तो तशाच ठेवायचा. मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. काळ्याठिक्कर नाही, डोळे सरावले की कोपऱ्यातला खांब दिसेल इतपतच. आपले फोन नेमकं उलटं करतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात नाइट मोड लावून बघा, दर्शनी कमानीतून येणारा उजेड, खांबांच्या रांगा, मागचा स्तूप, सगळं एकाच तेजाचं करून टाकतो, मग एवढं खोल कोरलंय ते कशाला! पुण्यातून जाणार असाल तर एकवीरेची गर्दी नसेल असा दिवस बघा, नाइट मोड बंद करा आणि स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस खाली ओढा, फरक लगेच दिसेल.

इव्हान्स प्रिंट प्लॅटिनमच्या कागदावर काढायचा. त्यात प्लॅटिनम कागदाच्या धाग्यांतच बसतं, वर चकचकीत थर नसतो, आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा भरपूर मिळतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम प्रचंड महागलं, मिळेनासं झालं, तर या बाबाने दुसऱ्या कागदावर भागवण्यापेक्षा फोटोग्राफीच सोडली. गेला १९४३ मधे. हा हट्ट मला तरी पक्का सदाशिव पेठी वाटतो.