कालनिर्णयवरचे खाडे

आमच्याकडे दुधाचा हिशेब कालनिर्णयवर. दूध घेतलं तर चौकट कोरी, नाही घेतलं तर 'खा'. म्हणजे खाडा. 2024च्या गुढीपाडव्यापासून मी बडोद्याच्या कमाटी बागेत चालायला जाऊ लागले आणि त्याच चौकटीच्या कोपऱ्यात लाल पेनाने माझेही खाडे मांडू लागले. तेव्हा वजन 78.4 आणि कंबर 98 सेंटिमीटर.

पहिल्या तीन आठवड्यांत अडीच किलो उतरलं. मग काटा 75.9वर जो अडकला, तो पाच आठवडे जागचा हलला नाही. चालणं तेच, रात्री भाकरी एकच, भाजीत तेल चमच्याने मोजून. तरी रोज सकाळी तोच आकडा, की दिवसभर कशात मन लागायचं नाही.

शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सुरुवातीला उतरतं त्यात पाणीच बरंच असतं. शरीर साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून. तो साठा आटला की पाणीही जातं. उलट आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर वर. शिवाय अंग हलकं झालं की त्याला लागतंही कमी, म्हणून उतरण्याचा वेग मंदावतो. ऐकताना मला रडूच आलं. महिनाभर मी स्वतःला आळशी म्हणत होते हो!

तेव्हापासून काट्यावर फक्त रविवारी उभी राहते, घरात फाफडा यायच्या आधी. कंबर महिन्यातून एकदा, शिलाईच्या टेपने. बायकांना 80च्या आत सांगतात. मी अजून लांब आहे.

खरी परीक्षा ऑगस्टअखेर झाली. विश्वामित्रीला पूर आला, गावात पाणी, मग चिखल, त्यात मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या. ओळीने अकरा चौकटी लाल. बाराव्या दिवशी चपला घालवेनात. पाडव्याला निदान उत्साह होता, आता नुसतं अपराधी वाटत होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, सगळं केलेलं पाण्यात गेलं." त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "पुरात दूध नव्हतं, म्हणून आता चहा कोराच पितेस का गं?"

त्या दिवशी सुरसागरच्या काठाने दहाच मिनिटं चालले. पण चौकट कोरी राहिली.

नोव्हेंबरात चार खाडे, त्यातले दोन दिवाळीचे. वजन 71.9, कंबर 91. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा लाकडी जिना बावीस पायऱ्यांचा. पूर्वी भाजीची पिशवी मधल्या वळणावर टेकवून श्वास घ्यावा लागायचा, आता थेट वर. आणि बागेतल्या फुलांच्या घड्याळापाशी रोज भेटणाऱ्या एक गुजराती मावशी आहेत. खाड्याच्या दुसऱ्या दिवशी त्या लांबूनच हात करतात, "केम बेन, काले देखाया नहीं?"