गाडीतला उपग्रह रेडिओ

मेव्हण्याने अमेरिकेहून येताना त्याच्या जुन्या गाडीतला सॅटेलाइट रेडिओ आणला. 'लाव तुझ्या गाडीला, शंभरेक चॅनेल!' मी खूश.

आज कुडाळात वायरिंगवाल्याकडे गेलो. कंपनीच्या स्टिरिओला बाहेरचं यंत्र जोडायचं, ऑक्सचं भोकच नाही. त्याने डॅशबोर्ड उघडला, अँटेनाच्या वायरीच्या मध्ये एफएम मॉड्युलेटर बसवला. म्हणजे बाहेरचा आवाज एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरून स्टिरिओत शिरतो, मूळ सेट बदलावा लागत नाही. चुंबकवाली छोटी अँटेना टपावर. दोन तास, तीन चहा. एक क्लिप तुटली, ती माझ्या हातून.

स्क्रीनवर एकच ओळ: सिग्नल नाही.

वायरिंगवाला पोरगा आभाळाकडे बघून म्हणाला, "दादानू, वायर बरोबर जोडलंय. पण ह्येचो उपग्रह खंय आसा?"

तिथेच चूक होती. त्या सेवेचे उपग्रह उत्तर अमेरिकेवर रोखलेले, कोकणात कुठून पोहोचणार? आपल्याकडे वर्ल्डस्पेस ही उपग्रह रेडिओची सेवा होती, तीही ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली. इंजिनिअर मी, आणि प्रश्न त्याला सुचला!

पैसे देताना त्याने एक केबल जास्तीची दिली, फोन जोडायला. मॉड्युलेटर वाया गेला नाही.

पण धामापूरला तलावापाशी फोनचीही रेंज गेली. मॉड्युलेटर बंद केला, साधा एफएम लावला. खरखर, मग आकाशवाणी. भातावरच्या करपा रोगाबद्दल कुणीतरी सावकाश बोलत होतं. चौके गावापर्यंत तेच ऐकलं.

मेव्हण्याला अजून कळवलेलं नाही.